शिधा आणि सोबत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या सहलीचा शिधा बांधण्याचे काम दर वर्षी माझ्याकडे असते. डबा गळला, पिठाला पाणी लागले, की बोलणी मलाच खावी लागतात. म्हणून आज एका फसलेल्या शिध्याचीच हकीकत सांगते.

सन १७७५. अमेरिकेतील तेरा वसाहतींचा इंग्रज सरकारशी लढा नुकताच पेटला होता. कॅनडातील क्वेबेक शहर घ्यावे म्हणून बेनेडिक्ट अर्नोल्ड हा सेनानी सुमारे ११०० लोक घेऊन सप्टेंबरात निघाला. वाट आजच्या मेन राज्यातील घोर अरण्यातून. अंतर १८० मैल धरले होते; प्रत्यक्षात ते जवळजवळ दुप्पट निघाले!

सामानासाठी दोनशेवर होड्या घाईने बांधवून घेतल्या, त्याही ओल्या लाकडाच्या. केनेबेक नदीच्या ओढीत त्यांचे सांधे उघडले. सुटी रचलेली खारी मासळी धुऊन निघाली आणि नासली. पावाची पिंपे भिजली. कोरड्या वाटाण्यांनी पाणी पिऊन अशी फुगी धरली की पिंपेच फुटली! रात्री कडधान्य भिजत घालणाऱ्या कोणत्याही बाईला हे आधीच सांगता आले असते. उरले ते मुख्यतः पीठ आणि खारवलेले डुकराचे मांस.

नद्यांच्या मधल्या सुमारे तेरा मैलांच्या वाटेवर, चिखलातून, चारशे पौंडांची एकेक होडी खांद्यावर न्यावी लागली. ऑक्टोबरात वादळ झाले, पूर आला, होड्या उलटल्या. मागची तुकडी कंटाळून परत फिरली. जाताना पुढच्यांना तिने जेमतेम दोन-अडीच पिंपे पीठ दिले. शेवटी असेल नसेल ते पीठ सारखे वाटले, तेव्हा माणशी चार-पाच पाइंट, म्हणजे एक-सव्वा किलो आले. कित्येकांनी त्याच रात्री सगळे खाऊन टाकले. बाकीचे ते पाण्यात कालवून बिनमिठाची पेज पीत. तेही संपल्यावर जोड्यांचे कातडे उकळले, दाढीचा साबण खाल्ला, एका कप्तानाचा आवडता कुत्राही सुटला नाही. आयझॅक सेंटर या तरुण डॉक्टरने हे सारे आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे.

भगिनींनो, या लष्करात बायकाही होत्या. दोघींची नावे आपल्याला ठाऊक आहेत. एक सार्जंट ग्रिअर यांची पत्नी. बर्फाचा पापुद्रा धरलेल्या दलदलीतून ती घागरा कमरेपर्यंत खोचून पुढे चालली होती. मागून येणाऱ्या जॉन जोसेफ हेन्री या पोरसवदा सैनिकाने पुढे आठवणी लिहिल्या. तो म्हणतो, तिच्याविषयी वावगा शब्द काढण्याची कोणाची छाती नव्हती.

दुसरी जेमायमा वॉर्नर. तिचा नवरा वाटेत थकून मागे पडला. धडधाकट लोक पुढे चालत राहिले, कारण थांबणे म्हणजे मरणे. ती मात्र त्याच्यापाशी थांबली. तो गेल्यावर पुरायला कुदळ नव्हती, फावडे नव्हते. तिने त्याच्यावर झाडाची पाने पसरली, त्याची बंदूक उचलली आणि एकटीने वीस मैल चालून ती लष्कराला येऊन मिळाली.

नोव्हेंबरच्या प्रारंभी अर्नोल्डने पुढे जाऊन पाठविलेली गुरे येऊन पोचली आणि लोक वाचले. सहाशेंच्या वर थोडे लोक क्वेबेकसमोर उभे राहिले. ३१ डिसेंबरचा हल्ला फसला. इतिहासात त्या हल्ल्याचे वर्णन पुष्कळ आहे. जेमायमाच्या वाट्याला सैनिकांच्या लिखाणातील चार ओळी आल्या.

आपल्या सहलीत मागे राहिलेली शेवटची बाई आल्याशिवाय मी पाने वाढू देत नाही, म्हणून काही जणी कुरकुरतात. मी का थांबते, ते आज सांगितले. पुढच्या सहलीलाही पाने उशिराच पडतील, तेवढे सांभाळून घ्या.