नकारावर उभें असलेलें राज्य



अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा अध्यक्ष हा पृथ्वीतलावरील सर्वांत बलाढ्य पुरुष होय, असें आपण वारंवार ऐकतों. सैन्य, आरमार व विमानदल ह्यांचा तो सरसेनापति असतो. अणुबाँब टाकावा कीं नाहीं, हा निर्णय त्याच्या एकट्याच्या हातीं असतो. परंतु हाच पुरुष आपल्या कचेरींतील कारकुनांचा पगार केवळ स्वतःच्या अधिकारांत देऊं शकत नाहीं. ह्या दोन गोष्टी एकाच राज्यघटनेंत कशा नांदतात, हें आज आपणांस पाहावयाचें आहे.

आरंभीं एक घडलेली हकीकत सांगतों. सन १९५२ चा एप्रिल महिना होता. कोरियांत युद्ध चाललें होतें, आणि अमेरिकेंतील पोलादाच्या कारखान्यांतले कामगार वेतनवाढीसाठीं संपाच्या तयारींत होते. पोलाद थांबलें तर रणांगणावरील तोफाहि थांबतील, असें म्हणून अध्यक्ष ट्रुमन ह्यांनीं ते कारखाने सरकारच्या ताब्यांत घेण्याचा हुकूम सोडला. तसा अधिकार त्यांस देणारा कायदा काँग्रेसनें केलेला नव्हता. (तेथील काँग्रेस म्हणजे राजकीय पक्ष नव्हे, देशाचें कायदेमंडळ.) मालक न्यायालयांत गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊहि न्यायाधीशांची नेमणूक एक तर ट्रुमन ह्यांनीं किंवा त्यांच्याच पक्षाचे रूझवेल्ट ह्यांनीं केलेली होती. तेव्हां निकाल सरकारच्या बाजूनें लागेल असें कोणी मानलें असतें, तर त्यांत नवल नव्हतें. परंतु २ जून रोजीं सहा विरुद्ध तीन मतांनीं निर्णय झाला कीं, कायदे करणें हें काँग्रेसचें काम आहे, अध्यक्षाचें नव्हे. त्या सहा न्यायाधीशांत दोघे खुद्द ट्रुमन ह्यांनीं नेमलेले होते. ट्रुमन ह्यांनीं कारखाने मालकांच्या स्वाधीन केले. संप झाला, आणि तो ५३ दिवस चालला.

न्यायालयापाशीं ना फौज, ना खजिना. तरी सरसेनापतीनें त्याचा कागद मानला. नेहमींच असें घडलें आहे असें मात्र नाहीं. चेरोकी ह्या मूळ रहिवाशांच्या प्रदेशांत जॉर्जिया राज्याचे कायदे चालणार नाहींत, असा निकाल ह्याच न्यायालयानें १८३२ सालीं दिला होता. जॉर्जियानें तो जुमानला नाहीं आणि अध्यक्ष जॅक्सन ह्यांनीं तो अंमलांत आणण्यासाठीं बोटहि हालविलें नाहीं. पुढें १८३८ सालीं चेरोकींना सक्तीनें पश्चिमेकडे हांकलण्यांत आलें, आणि त्या वाटेवर हजारों माणसें मेलीं. न्यायालयाचा नकार कागदावर जसाच्या तसा राहिला.

ही घटना रचणारे लोक १७८७ सालीं फिलाडेल्फियांत जमले, तेव्हां इंग्लंडच्या राजाचा जाच त्यांच्या स्मरणांत ताजा होता. एका हातीं सत्ता एकवटूं नये, ही त्यांची पहिली काळजी. म्हणून त्यांनीं कायदे करणारा एक, ते अंमलांत आणणारा दुसरा, आणि त्यांचा अर्थ लावणारा तिसरा, अशी विभागणी केली. आपल्याकडे मंत्री हा लोकसभेचा वा राज्यसभेचा सभासद असावा लागतो. तेथें काँग्रेसचा सभासद मंत्री झाला कीं त्यानें सभागृहांतील जागा सोडलीच पाहिजे. आपल्याकडे लोकसभेचा विश्वास गेला तर सरकार गेलें. तेथें काँग्रेस कितीहि रुष्ट झाली तरी अध्यक्ष चार वर्षें बसतो, आणि अध्यक्ष कितीहि संतापला तरी त्याला काँग्रेस बरखास्त करतां येत नाहीं. महाभियोगाची वाट आहे, पण ती इतकी अवघड कीं तिच्या योगें आजवर एकहि अध्यक्ष पदच्युत झालेला नाहीं. १८६८ सालीं अँड्र्यू जॉन्सन एका मतानें वांचले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत १९१३ ते १९१६ ह्या काळांत शिकले होते. अमेरिकेचें राज्यशास्त्र त्यांस परकें नव्हतें. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितीपुढें मसुदा मांडतांना त्यांनीं ह्या दोन पद्धतींची तुलना केली. अमेरिकेच्या पद्धतींत स्थैर्य अधिक, जबाबदारी कमी. इंग्लंडच्या पद्धतींत जबाबदारी अधिक, स्थैर्य कमी. आणि आपल्या मसुद्यानें जबाबदारीस अधिक मान दिला आहे, असें त्यांनीं सांगितलें. आपल्या देशानें कोणता सौदा नाकारला, हें नीट कळण्यासाठीं अमेरिकेंत एखादा कायदा कसा होतो, किंवा कसा होत नाहीं, तें पाहिलें पाहिजे.

काँग्रेसचीं दोन सभागृहें आहेत. प्रतिनिधिगृहांत ४३५ सभासद असतात, ते लोकसंख्येच्या प्रमाणांत. सिनेटमध्यें प्रत्येक राज्याचे दोन, असे १०० सभासद असतात. चार कोटींच्या आसपास वस्तीच्या कॅलिफोर्नियाचे दोन, आणि सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगचेहि दोनच! मंत्री, राजदूत व संघराज्याचे न्यायाधीश ह्यांच्या नेमणुका ह्या सिनेटच्या संमतीवांचून कायम होत नाहींत. परराष्ट्रांशीं होणाऱ्या तहांना तर तिचीं दोनतृतीयांश मतें लागतात. राष्ट्रसंघाची कल्पना उचलून धरणाऱ्या अध्यक्ष विल्सन ह्यांचाच देश राष्ट्रसंघाबाहेर राहिला, तो ह्याच कलमामुळें. विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच रूपांत मंजूर झालें, म्हणजे अध्यक्षापुढें जातें. रविवार सोडून दहा दिवसांत तो तें परत धाडूं शकतो, आणि मग प्रत्येक सभागृहांत दोनतृतीयांश मतें मिळालीं तरच त्याचा कायदा होतो. रूझवेल्ट ह्यांनीं ६३५ वेळां हा नकाराधिकार वापरला. काँग्रेसला त्यांतील केवळ ९ नकार मोडून काढतां आले.

घटनेंत नमूद केलेले नकार हे एवढे. परंतु सिनेटनें आपल्या नियमांनीं आणखी एक निर्माण केला आहे. तेथें भाषणास कालमर्यादा नसे. विधेयक मारावयाचें असेल तर बोलत राहावें, मत घेण्याची वेळच येऊं देऊं नये. १९३५ सालीं लुइझियानाचे ह्यूई लाँग सुमारें पंधरा तास बोलले, आणि मुद्दे संपले तेव्हां त्यांनीं कालवें तळण्याची कृति सांगितली. आज हें संकट टाळावयाचें तर शंभरांपैकीं साठ सभासद अनुकूल असावे लागतात. अडविणाऱ्यास आतां उभें राहून घसा कोरडा करण्याचीहि गरज उरलेली नाहीं.

कालवांच्या गोष्टीचें हंसूं येतें. पुढील गोष्टीचें येणार नाहीं. काळ्या नागरिकांस जमावानें पकडून, चौकशी ना खटला, झाडाला टांगून मारावें, असे प्रकार दक्षिणेकडील राज्यांत कैक वर्षें चालले होते. स्थानिक पंच गुन्हेगारांस सोडून देत. म्हणून हा संघराज्याविरुद्ध गुन्हा ठरविणारें विधेयक प्रतिनिधिगृहानें १९२२ सालीं मंजूर केलें. सिनेटमध्यें दक्षिणेकडील सभासदांनीं तें अडवून धरलें. १९३७ सालीं प्रतिनिधिगृहानें पुन्हां तसें विधेयक मंजूर केलें, १९४० सालीं आणखी एकदां. दोन्ही वेळां तें सिनेटमध्यें अडलें. २००५ सालीं सिनेटनें ह्या अपयशाबद्दल ठराव करून क्षमा मागितली. कायदा झाला तो मार्च २०२२ मध्यें, म्हणजे पहिल्या विधेयकानंतर शंभर वर्षांनीं. अल्पमताच्या रक्षणासाठीं म्हणून ज्या नियमाची थोरवी गाइली जाते, त्यानें ह्या प्रकरणीं कोणत्या अल्पमताचें रक्षण केलें, हें श्रोत्यांनींच ठरवावें.

आतां कारकुनांच्या पगाराकडे वळूं. खजिन्यांतून एक डॉलरहि काँग्रेसच्या मंजुरीवांचून काढतां येत नाहीं, आणि आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतें. त्या दिवसापर्यंत मंजुरी न मिळाली तर ज्या खात्यांचा खर्च दरसालच्या मंजुरीवर चालतो, त्यांचें काम थांबतें. २०२५ सालीं अध्यक्ष, प्रतिनिधिगृह व सिनेट हीं तिन्ही एकाच रिपब्लिकन पक्षाच्या हातीं होतीं. तरी सिनेटमध्यें साठ मतें जमेनात. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेपासून १२ नोव्हेंबरपर्यंत, ४३ दिवस, सरकारचा मोठा भाग बंद राहिला. लाखों नोकर बिनपगारी घरीं बसले. विमानांस मार्ग दाखविणारे लोक बिनपगारी कामावर गेले. सुमारें ४ कोटि गरजूंची अन्नमदत नोव्हेंबरांत रखडली. पार्लमेंटरी पद्धतीच्या देशांत अंदाजपत्रक नामंजूर झालें तर सरकार कोसळतें आणि मतदारांकडे जावें लागतें. तेथें कोणीहि कोसळलें नाहीं. नोकरांस त्यांचा थकलेला पगार मागाहून देण्याचा कायदा २०१९ सालींच झालेला आहे, पण त्यामुळें ऑक्टोबरचें घरभाडें ऑक्टोबरांत भागत नाहीं. काँग्रेसच्या सभासदांचें वेतन मात्र ह्या सर्व दिवसांत चालूच होतें. त्यासाठीं दरसालच्या मंजुरीची गरज पडूं नये, अशी तरतूद त्यांनीं कायद्यानें पूर्वींच करून ठेवलेली आहे.