मुसीकाठची कोठी
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



कोठीला पुस्तके, सुलतान बाजारला साड्या-बांगड्या घ्यायला आपण पिढ्यान्‌पिढ्या जात आलो. पण कोठी म्हणजे कोणाची कोठी, हा प्रश्न घरात कोणी विचारत नाही. ती इंग्रज रेसिडेंटची कोठी.

आणि ती उभी राहायला थोडे कारण आपलीच मंडळी आहेत! १७९५ साली खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. इंग्रज तटस्थ राहिले, दिवाण मुशीर-उल-मुल्क ओलीस म्हणून पुण्यास गेला. हा घाव निजाम अली खान विसरला नाही. १७९८ मध्ये त्याने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. तो तह घडवणारा जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक पुढे रेसिडेंट म्हणून इथेच राहिला.

त्या वेळी रेसिडेंटचा मुक्काम मुसीच्या उत्तर काठावर, एका जुन्या उमरावी बागेतल्या बंगल्यात असे. तिथेच नवी वास्तू बांधायचे ठरले. गोष्ट अशी सांगतात की, कर्कपॅट्रिकने जागेचा भलामोठा नकाशा दाखवला तेव्हा निजामाने साफ नकार दिला. मग तोच नकाशा लहानशा कागदावर काढून नेला आणि मंजुरी मिळाली. खरी असो वा नसो, सरकारी कचेरीत फाईल फिरवलेल्या माणसाला ती पटते.

मद्रास इंजिनिअर्सच्या सॅम्युएल रसेलने आराखडा केला, खर्च निजामाच्या खजिन्यातून झाला. दर्शनी सहा उंच स्तंभ, रुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना सिंह. बाहेरून विलायत, आणि मागे पडद्यातला रंगमहाल. तो खैर-उन-निसा बेगमेसाठी. या खानदानी मुलीशी कर्कपॅट्रिकने लग्न केले, त्यावरून कंपनीने चौकशीही लावली. बागेत तिच्यासाठी कोठीची छोटी प्रतिकृती बांधलेली होती.

१८०५ मध्ये दोन्ही मुले विलायतेला पाठवली गेली. त्याच वर्षी कर्कपॅट्रिक कलकत्त्यात वारला. बेगमेला मुले पुन्हा दिसली नाहीत. काही काळ तिला हैदराबादेत परतण्याचीही मनाई होती, मच्छलीपट्टणमला राहावे लागले. १८१३ मध्ये ती गेली, वय जेमतेम सत्तावीस. मुलगी कॅथरिन पुढे मोठेपणी हैदराबादेतल्या आपल्या आजीला पत्रे लिहीत असे. रंगमहाल नंतरच्या एका रेसिडेंटने पाडून टाकला. राजकारणाच्या बखरीत या बाईला दोन ओळीही मिळत नाहीत, म्हणून मी इथे जरा रेंगाळलो.

१७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी याच कोठीवर हल्ला चढवला. तुर्रेबाज खान मारला गेला, मौलवींना अंदमान मिळाले. कोठीभोवतीच्या रेसिडेन्सी बाजारात निजामाचा नव्हे, इंग्रजांचा अंमल चाले. शहरात जे बोलणे अवघड, ते इथे थोडे मोकळेपणाने बोलता येई. १९३३ मध्ये हा भाग निजामाकडे परत आला आणि त्याचा सुलतान बाजार झाला.

१९४९ पासून तिथे महिला महाविद्यालय भरू लागले. आपल्यातल्या कितीतरी आज्या, आत्या, मावश्या त्या पायऱ्या चढून वर्गात गेल्या असतील. मधल्या काळात छत गळके, भिंतींना ओल, दरबार हॉल बंद. अलीकडे वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या मदतीने मुख्य इमारतीची डागडुजी झाली आहे. घरातल्या ज्या कोणी तिथे शिकल्या, त्यांच्याजवळ त्या काळचे फोटो असतील तर ते ट्रंकेतून बाहेर काढा आणि मागे साल, नावे लिहून मंडळाच्या ग्रंथालयात एक प्रत द्या.