मिरची वाळते, कैरी काळी पडते



हिवाळ्यात नंदुरबार शहराजवळ आलात की मिरचीच्या पथाऱ्या डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळतात. शेतातून आलेली ओली लाल मिरची बाजार समितीत विकली जाते, आणि व्यापारी ती शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर पसरून उन्हात वाळवतात. शेकडो बाया तिथं मिरची खालीवर करतात, निवडतात, देठ खुडतात. या पथारीवर विज्ञानाचा एक अख्खा धडा पडलेला असतो. आज तोच वाचू या.

पदार्थ तोच राहिला आणि त्याचं फक्त रूप बदललं, तर तो भौतिक बदल. जुना पदार्थ जाऊन नवा तयार झाला, तर तो रासायनिक बदल. शाळेत आपण सगळेच हे शिकलो. बर्फ वितळला, भौतिक. लाकूड जळलं, रासायनिक. परीक्षेपुरतं एवढं पुरतं. पण आपल्या जिल्ह्यात अनेक घरांची कमाई या दोन बदलांच्या मधल्या रेषेवर ठरते, म्हणून ती रेषा नीट पाहायला हवी.

आधी पाण्याचा हिशेब करू. पथारीवर १०० किलो ओली मिरची टाकली आणि तिच्यात ७५ किलो पाणी आहे असं धरू. म्हणजे खरा ऐवज २५ किलो. दहा टक्के ओलावा उरेपर्यंत ती वाळवली, की वजन भरतं सुमारे २८ किलो. उरलेलं ७२ किलो पाणी वाफ होऊन हवेत गेलं. ते नाहीसं झालं नाही. पाणी पाणीच राहिलं, फक्त जागा बदलली. हा भौतिक बदल. याचा अर्थ एक किलो वाळलेल्या मिरचीमागे साधारण साडेतीन किलो ओली मिरची लागते. पण ओल्या मिरचीत ८० टक्के पाणी असेल तर तीच गरज साडेचार किलोवर जाते. ओल्या आणि वाळलेल्या मिरचीच्या भावांची तुलना करणाऱ्या शेतकऱ्यानं हे गणित तोंडपाठ ठेवावं. पाच टक्के ओलाव्याचा फरक दिसायला लहान, पण खिशाला मोठा असतो.

पाणी निघत असतानाच मिरचीत दुसरंही काही घडत असतं. तिचा लाल रंग मुख्यतः कॅप्सँथिन नावाच्या द्रव्यामुळं येतो. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन या द्रव्याची मोडतोड करतात. म्हणून फार दिवस उघड्यावर राहिलेली मिरची फिकी पडते. हा रासायनिक बदल. गेलेला लाल रंग परत आणता येत नाही. तिखटपणाचं द्रव्य वेगळं, त्याचं नाव कॅप्सायसिन. ते त्या मानानं टिकाऊ आहे. म्हणून फिकी दिसणारी मिरचीही जिभेला चटका देऊ शकते. आणखी एक गोष्ट: हा तिखटपणा बियांत असतो असा आपला समज आहे. खरं तर तो बिया जिथं चिकटलेल्या असतात, त्या आतल्या पांढऱ्या पडद्यात सर्वांत जास्त असतो.

आता अवकाळी पाऊस आला असं समजा. पथारी भिजली. दोन दिवसांनी ऊन पडलं, मिरची पुन्हा वाळली, वजनही पूर्वीएवढं झालं. मग नुकसान कुठं झालं? नुकसान मधल्या दोन दिवसांत झालं. ओल मिळताच बुरशी वाढते, आणि काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाची विषारी द्रव्यं तयार करतात. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. कारण शोधता शोधता त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत माग लागला आणि या विषाची ओळख जगाला झाली. पाणी पुन्हा काढता येतं. तयार झालेलं विष मात्र नंतरच्या उन्हानं किंवा घरच्या शिजवण्यानं भरवशानं जात नाही. म्हणून बुरशी लागलेली मिरची निवडून बाजूला काढणाऱ्या बाईचं काम नुसतं साफसफाईचं नाही. ती आपल्या ताटाची राखण करते आहे.

आता सातपुड्यात जाऊ. धडगाव-अक्कलकुवा भागात उन्हाळ्यात घराघरांतून कैऱ्या सोलल्या जातात, त्यांच्या फोडी करून वाळवल्या जातात. हेच आपलं आमचूर. पांढरट आमचुराला भाव चांगला मिळतो, काळ्या पडलेल्या मालाला कमी. मग फोड काळी का पडते? कैरी चिरली की तिच्या पेशी फुटतात. आतली टॅनिनसारखी द्रव्यं आणि एक विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या सान्निध्यात येतात आणि तपकिरी रंगाचा नवा पदार्थ तयार होतो. त्यात लोखंडी विळ्याची भर पडली तर काम आणखी बिघडतं. लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की निळसर काळा रंग होतो. आपल्याकडे हिरडा आणि लोखंड वापरून काळी शाई करत असत, ती याच क्रियेनं. म्हणजे लोखंडी विळ्यानं कैरी चिरणारा माणूस नकळत फोडीवर शाई बनवत असतो. स्टेनलेस स्टीलची सुरी, पातळ फोडी आणि स्वच्छ कापडावर लवकर वाळवण, एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो. फोडी थोडा वेळ कडक गरम पाण्यात धरल्या तर ते विकरच निकामी होतं. घाम तेवढाच, पण दाम जास्त.

तिसरं उदाहरण मोहाचं. पहाटे गळलेली फुलं वेचून वाळवली की ती बराच काळ टिकतात, कारण पाण्यावाचून यीस्टला वाढता येत नाही. तीच फुलं पाण्यात भिजत ठेवली की यीस्ट त्यांतल्या साखरेपासून मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं. हा रासायनिक बदल. पुढं भट्टीवर जे होतं ते भौतिक. मद्यार्क सुमारे ७८ अंशांवर उकळतो, पाणी १०० अंशांवर, म्हणून वाफेत मद्यार्काचं प्रमाण जास्त येतं. भट्टी दारू बनवत नाही, तयार झालेली वेगळी काढते. फूल मात्र एकच. वाळवलं तर अन्न, आंबवलं तर नशा. निवड आपली.

मुलं मला नेहमी विचारतात, की उलट फिरवता येतो तो भौतिक आणि येत नाही तो रासायनिक, एवढं लक्षात ठेवलं तर चालेल का? मी म्हणतो, नाही. मिरची कुटून तिखट केलं तर त्याची पुन्हा मिरची होत नाही. तरी बदल भौतिकच, कारण पदार्थ तोच आहे. उलट मोबाइलची बॅटरी रोज उतरते आणि रोज भरते. तरी आत घडतो तो रासायनिक बदल. म्हणून प्रश्न एकच विचारावा: नवा पदार्थ झाला का?

या उन्हाळ्यात घरी एक प्रयोग करा. एकाच कैरीच्या चार फोडी करा. एक लोखंडी विळीनं चिरा, बाकीच्या तीन स्टीलच्या सुरीनं. त्या तिघींतली एक तशीच उघडी ठेवा, दुसरी मिनिटभर उकळत्या पाण्यात धरून बाहेर काढा, तिसरी पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा. गरम पाण्याच्या कामाला मोठ्या माणसाला सोबत घ्या. तासाभरानं चारही फोडी शेजारी शेजारी ठेवून पाहा. कोणती काळी पडली, कोणती नाही, आणि का, हे मुलांना पुस्तकातून सांगू नका. त्यांनाच सांगू द्या.