मंत्री, प्रधान आणि आमच्या दुकानातील दिवाणजी
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा लिखित पाठ)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा माझ्याआधीच्या वक्त्यांनी घेतलाच आहे. मी कापडाचा व्यापारी, शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे, शब्दशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु या स्मरणिकेसाठी आजी-माजी पदाधिकाऱ्यांची यादी सिद्ध करण्याचे काम मजकडे आले आणि एका शब्दापाशी मी अडखळलो. जुन्या इतिवृत्तांत काही वर्षे 'मंत्री' असा उल्लेख आहे, मग 'चिटणीस' येतो, अलीकडे 'सचिव'. काम तेच, सभेची नोंद ठेवणे आणि पत्रव्यवहार पाहणे. यादी वाचून एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "काका, आपल्या संस्थेत मंत्रीसुद्धा होते? कोणत्या खात्याचे?" सगळे हसले. मीही हसलो, पण घरी आल्यावर कोश उघडला.

'मंत्र' म्हणजे विचार, खलबत, सल्ला. तो देणारा तो मंत्री. 'सचिव' शब्दाच्या मुळाशी सोबत असणे आहे. 'अमात्य' म्हणजे जवळचा, घरातला. आज आपण हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. कौटिल्य मात्र तसे करीत नाही. त्याच्या मते योग्यता पाहून अमात्य अनेकांना करावे, पण प्रत्येक अमात्य मंत्री होऊ शकत नाही. धर्म, अर्थ, काम आणि भय या चारही कसोट्यांना जो उतरला, त्यालाच मंत्री करावे.

आपल्या मराठी राज्यात तर गंमत आहे. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा फारसी हुद्द्यांना संस्कृत नावे मिळाली. सुरनीस झाले सचिव, वाकनीस झाले मंत्री. सचिव अण्णाजी दत्तो राजपत्रे तपासीत. मंत्री दत्ताजी त्रिंबक महाराजांच्या रोजच्या व्यवहाराची नोंद ठेवीत. म्हणजे दैनंदिनी लिहिणारा तो मंत्री! आज मंत्रालयात नेमके उलटे आहे, मंत्री निर्णय करतात आणि सचिव लिहितात. आपल्या मारवाडी पूर्वजांनी सभेचा वृत्तांत लिहिणाऱ्याला 'मंत्री' म्हटले ते हिंदीच्या वळणाने. परंतु अजाणता ते रायगडाच्या रीतीलाही धरूनच झाले.

'पेशवा' म्हणजे पुढे असणारा. फारसीत हा शब्द धर्माच्या अग्रणीलाही लावतात. आपल्या नगरच्या निजामशाहीत तो राज्याचा हुद्दा होता; मलिक अंबर पेशवा होता. आपल्याकडील 'भट्टारक' हा शब्दही असाच दोन्ही तीरांवरचा. गुप्त सम्राट स्वतःस परमभट्टारक म्हणवीत आणि कोल्हापूर, नांदणी येथील दिगंबर मठांचे अधिपतीही भट्टारकच. इंग्रजीतील 'मिनिस्टर' राज्याचाही आणि चर्चचाही. नगरमधील ख्रिस्ती बांधव त्यास 'पाळक' म्हणतात, हा शब्द मला फार आवडतो. 'मिनिस्टर' मूळ लॅटिन, अर्थ सेवक. त्याच्या मुळाशी 'कमी' या अर्थाचा शब्द आहे, तर 'मॅजिस्ट्रेट'च्या मुळाशी 'अधिक' या अर्थाचा.

राहता राहिला 'दिवाण'. हा शब्द मूळचा वहीचा, म्हणजे नोंदवहीचा. वहीवरून कचेरीचा झाला आणि कचेरीवरून माणसाचा. जोधपूर संस्थानात ज्यांनी सतराव्या शतकात हे पद भूषविले ते मुहता नैणसी ओसवाल जैन. 'मुहता' हा कारभाऱ्यांचा किताब. भंडारी, कोठारी, संघवी ही आपल्यातील आडनावेदेखील जुनी पदेच होत. पदे गेली, आडनावे राहिली.

आमच्या कापड बाजारातील दुकानात हिशेब लिहिणाऱ्या वृद्ध गृहस्थांना सगळे दिवाणजी म्हणत. ताक्यांची मोजणी, उधारीची वही, गल्ल्याचा मेळ हे सारे त्यांच्याकडे. एकदा कोणी थट्टा केली तेव्हा ते म्हणाले, "नावात संस्थानचा हुद्दा आहे छोटे शेठ, पगार तेवढा तुमच्या वडिलांनी ठरवलेला." वडील त्यांना विचारल्याशिवाय मोठी खरेदी करीत नसत. कौटिल्याच्या अर्थाने आमच्या दुकानातील मंत्री तेच होते.

आता मुख्य गोष्ट. १९५२ साली राजस्थानात सादडी येथे अक्षय तृतीयेला साधुसंमेलन भरले. त्याच वर्षी देशाची पहिली लोकसभा अस्तित्वात आली होती. अनेक स्थानकवासी संप्रदायांच्या संतांनी आपापल्या वेगळ्या पदव्या विसर्जित करून एक श्रमण संघ स्थापिला. आचार्य झाले आत्मारामजी महाराज, उपाचार्य गणेशीलालजी महाराज. आणि आपल्या चिचोंडीत जन्मलेले, मिरीला दीक्षा घेतलेले आनंदऋषिजी महाराज झाले संघाचे प्रधानमंत्री. होय, हाच शब्द! संघाने तो राज्यकारभारातून घेतला. त्यापूर्वी ते ऋषी संप्रदायाचे आचार्य होते. आचार्याचा प्रधानमंत्री होणे याला आपल्या लेटरहेडच्या हिशेबात पदावनती म्हणतात. ज्यांच्या हाती स्वतःच्या संप्रदायाचे सर्वोच्च पद होते, त्यांनी दुसऱ्याच्या आचार्यत्वाखाली व्यवस्थेचे काम पत्करले. पुढे संघात 'मंत्री' हे नाव मागे पडले, 'प्रवर्तक' हा आगमातील शब्द रूढ झाला. १९६४ साली महाराज श्रमण संघाचे आचार्य झाले आणि १९९२ साली याच नगरात त्यांचा देहविलय होईपर्यंत होते. त्यांच्या अखेरच्या वर्षांत दर्शनाला रांगेत उभा राहिलेला मी एक. तेव्हा या प्रधानमंत्रिपदाची गोष्ट मला ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर पुढचे कदाचित घडले नसते.

ते सांगणे अवघड आहे, तरी सांगतो. १९९६ साली पर्युषणाच्या निमंत्रणपत्रिकेत माझे नाव 'सहमंत्री' म्हणून येण्याऐवजी सदस्यांच्या रांगेत, बारीक अक्षरांत छापून आले. मी पत्रिकांचा गठ्ठा तसाच परत पाठविला. त्या वेळचे मंत्री माझ्याहून वयाने मोठे, बाजारातील शेजारी. त्यांनीच मुद्दाम केले असे मी मनाशी ठरवून टाकले. दोन वर्षे मी स्थानकात गेलो नाही. संवत्सरीला सगळ्या गावाशी क्षमापना केली, त्यांच्या दुकानाची पायरी मात्र चढलो नाही. ते एकदा समोरून आले, हात जोडले. मी ताका उलगडत राहिलो. तिसऱ्या वर्षी चातुर्मास लागण्यापूर्वीच ते गेले.

यंदा यादीसाठी इतिवृत्ताची ती वही प्रथमच माझ्या हाती आली. पत्रिकेचा मजकूर ठरला त्या सभेच्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात सर्व नावे आहेत. माझ्या नावापुढे स्वच्छ लिहिले आहे : सहमंत्री. खाली त्यांनी टीप जोडली आहे की छापखान्याकडून कच्चे मुद्रित आले नाही, तरी छापून आल्यावर नावे एकदा ताडून पाहावीत. ते ताडून पाहण्याचे काम त्याच सभेत सहमंत्र्याकडे सोपविलेले आहे. म्हणजे माझ्याकडे.

स्मरणिकेतील यादीत मी शब्द बदललेले नाहीत. ज्या वर्षी इतिवृत्तात 'मंत्री' आहे तेथे 'मंत्री'च ठेवले आहे. तरुणांना हसू आले तरी चालेल. एवढेच केले की सर्व नावे एकाच आकाराच्या अक्षरांत घेतली आणि मुद्रिते मी स्वतः दोनदा तपासली.

त्या मंत्रिमहोदयांचे चिरंजीव आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. सभा संपल्यावर मी त्यांच्याकडे येणारच आहे. परंतु गठ्ठा परत पाठविला होता तो चारचौघांत, म्हणून येथूनच त्यांना हात जोडतो. मिच्छामि दुक्कडम्.