ताट ठरतं कुठं, वाढलं जातं कुठं



देशानं काय खावं, हे हैदराबादला ठरतं. तिथल्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं १९९८ मध्ये काढली, २०११ मध्ये सुधारली आणि मे २०२४ मध्ये पुन्हा नव्यानं मांडली. ही संस्था मूळची कुन्नूरची, बेरीबेरी या रोगाच्या शोधासाठी १९१८ मध्ये सुरू झालेली. ती १९५८ मध्ये हैदराबादला आली, तेव्हा आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून बाहेर पडून दोन वर्षं झाली होती.

अशी तत्त्वं ठरवताना आधी शरीराची गरज काढतात. त्यासाठी ६५ किलोचा पुरुष आणि ५५ किलोची स्त्री प्रमाण मानतात. मग कोणत्या अन्नात काय आहे याचे तक्ते पाहतात आणि लोक प्रत्यक्षात काय खातात ते तपासतात. शेवटी तज्ज्ञ या सगळ्याचं ताट मांडतात. नव्या शिफारशीत दिवसभराच्या २००० उष्मांकांच्या ताटात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी, ४०० ग्रॅम भाज्या आणि ३०० मिलिलिटर दूध आहे. शास्त्र म्हणून हे ताट मला मान्य आहे. धान्यावरचा भार कमी करून डाळी वाढवा, हा सल्ला योग्यच आहे.

पण २००० उष्मांक कोणाचे? त्याच संस्थेच्या २०२०च्या तक्त्यात कष्टाचं काम करणाऱ्या स्त्रीची गरज २७२० आहे. आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन निघणारी बाई पहाटेपासून ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. जे ताट घराघरांत पोचतं, त्यात तिचे सातशे वीस उष्मांक नाहीत.

गरजेच्या आकड्यावरचा वाद जुनाच आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे जागतिक अन्न आणि कृषी संघटनेत रोमला संख्याशास्त्राचे प्रमुख होते. गरज म्हणजे एक ठाम आकडा नव्हे, एकाच माणसाची गरजही रोज बदलते, असं त्यांनी हिरिरीनं मांडलं. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनी त्यांच्याशी जाहीर वाद घातला. कमी खाण्याशी शरीर जुळवून घेतं, हे सुखात्म्यांचं म्हणणं एकदा मान्य केलं, की अर्धपोटी माणूसही कागदावर निरोगी ठरू शकतो. या वादात मी दांडेकरांच्या बाजूनं आहे. तरी सरासरीवर आंधळा विश्वास ठेवू नये, हे मी सुखात्म्यांकडूनच घेतो.

दुसरी गोष्ट मला जास्त सलते. माणशी ८५ ग्रॅम डाळ म्हणजे पाच जणांच्या घराला महिन्याला पावणेतेरा किलो. आणि २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं हक्क दिला तो माणशी पाच किलो धान्याचा. त्यात डाळ नाही. भरड धान्याची तरतूद कायद्यात आहे, पण रेशनच्या पिशवीत मुख्यतः गहू-तांदूळच येतात. ज्वारीच्या मुलखात ज्वारी विकत घ्यावी लागते. हुलगे, जवस, कारळ, करडई ही आपली पिकं रानातून मागं सरली. मग अंगणवाडी सेविकेनं भिंतीवर ताटाचं चित्र लावून काय सांगायचं? सल्ला एका खात्याचा आणि पिशवी दुसऱ्या खात्याची, असं चालणार नाही. जे सरकार ताट सांगतं, त्यानं आधी स्वतःची खरेदी, रेशन आणि शाळेतलं जेवण त्या ताटाशी ताडून दाखवावं.

लोक काय खातात हे घरोघरी जाऊन तोलणारा राष्ट्रीय पोषण संनियंत्रण ब्यूरो १९७२ मध्ये सुरू झाला आणि २०१५ मध्ये बंद पडला. तोलणं थांबलं, की पुढची तत्त्वं अंदाजावर उभी राहणार. म्हणून आपल्या या संमेलनापुढं मी ठराव मांडतो: ऊसतोडीच्या हंगामात टोळ्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जाऊन चुलीवरचं अन्न तोलावं, बाई शेवटी काय आणि किती खाते तेही नोंदवावं, आणि पुढच्या सुधारणेआधी त्या नोंदी हैदराबादला पाठवाव्यात. तराजू आणि नोंदवही सेविकांना सरकारनं द्यावी, आणि या कामाचं मानधन वेगळं द्यावं. ठराव मताला टाकतो.