कमी उजेडातले आपले चेहरे
(सांस्कृतिक समितीच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीनं नवीन कॅमेरा घ्यावा, असा प्रस्ताव तरुण मंडळींनी मांडला आहे. त्यावर मी दोन शब्द बोलावेत, असा अध्यक्षांचा आग्रह. बँकेत कर्जाचं प्रकरण समोर आलं की आम्ही आधी विचारायचो, पैसा नेमका कशासाठी हवा? किती हवा, हा प्रश्न नंतरचा. तीच सवय अजून सुटलेली नाही.

तर गरज काय आहे? स्मरणिकेसाठी आपण घराघरांतून पंचवीस वर्षांचे फोटो गोळा केले. दिवसाचे फोटो उत्तम आहेत. झेंडावंदन, वृक्षारोपण, सगळं स्वच्छ दिसतं. पण आपलं कौटुंबिक आयुष्य घडतं संध्याकाळी सातनंतर. गणपतीची आरती, गच्चीवरची कोजागिरी, हळदीकुंकू, लग्नानंतरचा गोंधळ. भारनियमनाच्या त्या वर्षांत तर मुलांचे वाढदिवससुद्धा मेणबत्तीवर झाले. या फोटोंत पुढची रांग फ्लॅशनं पांढरीफटक आणि मागची मंडळी अंधारात. मागे कोण असतं? भिंतीला टेकून बसलेले आजी-आजोबा आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बायका.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आपल्याकडच्या काही घरांत माणूस गेल्यावर वर्तमानपत्रात द्यायला चांगला फोटो सापडेना. शेवटी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून हार घालावा लागला. आयुष्यभर घर सांभाळलेल्या माणसाचा हसरा चेहरा घरात नसावा, ही खरी अडचण. प्रस्तावाकडे मी याच नजरेनं पाहतो.

आता कमी उजेडाचं गणित. आपण परभणीकर, पाण्याच्या भाषेत पटकन समजतं. हंडा भरायचा तर नळ मोठा हवा, नाहीतर तो जास्त वेळ सुरू हवा. कॅमेऱ्यात नळ म्हणजे लेन्सचं छिद्र, वेळ म्हणजे शटर. वेळ वाढवली तर आरती करणारा हात आणि पळणारं नातवंड पुसट येतं. लहान मुलांसाठी शटर सेकंदाच्या १२५व्या भागाइतकं तरी जलद लागतं. तिसरी गोष्ट आयएसओ. पाणी कमीच आलं तर तेच आवाज वाढवल्यासारखं वाढवून दाखवायचं. मग फोटोत खरखर दिसते, म्हणजे दाणे. पूर्वी हा आकडा रोलबरोबर ठरून यायचा. १०० चा रोल घातला की संपेपर्यंत १०० च. आगफा क्लिकमध्ये एका रोलवर बारा फोटो; ते उन्हातच काढायचे, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. आज प्रत्येक फोटोला आकडा बदलता येतो, ही मोठी सोय आहे.

सोसायटीच्या कपाटात एक जुना डीएसएलआर आहे, त्यासोबत १८-५५ ची लेन्स. ही लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ वर जाते. त्याऐवजी एफ १.८ ची लेन्स लावली तर जवळजवळ दहा पट उजेड आत येतो. उलट फुल-फ्रेमचा महागडा कॅमेरा घेतला तर सेन्सरचं क्षेत्रफळ सव्वादोन पटींच्या थोडं वर जातं, आणि त्याच्या लेन्सही महाग. साध्या एफ १.८ लेन्सचा खर्च त्याच्या एका छोट्या भागात भागतो. मेगापिक्सेल वाढले म्हणून उजेड वाढत नाही, हेही ध्यानात ठेवा.

कोणती लेन्स? आपल्या खोल्या दहा बाय बाराच्या. जुन्या कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स लावली तर पाठ भिंतीला टेकली तरी सगळं कुटुंब मावत नाही. म्हणून माझी शिफारस ३५ एमएम, एफ १.८. एकट्या चेहऱ्यासाठी ५० छान. पण १.८ वर आजीचे डोळे स्पष्ट येतील आणि मागचा नातू पुसट. चार-सहा जण असतील तर एफ ४ ठेवा आणि वर फिरवता येणारा फ्लॅश पांढऱ्या छताकडे वळवा. प्रकाश छतावरून परत येतो, चेहऱ्यावर तडाखा बसत नाही. लेन्स आणि फ्लॅश आपल्याच कॅमेऱ्याला बसतो का, हे दुकानात लावून बघा.

ज्यांच्याकडे फक्त मोबाईल आहे त्यांनी मन लहान करू नये. रात्रीच्या मोडमध्ये तो अनेक फोटो एकत्र जोडतो. स्थिर बसलेल्या माणसासाठी उत्तम, पळणाऱ्या पोरासाठी नाही. फोटोत आडव्या काळ्या पट्ट्या आल्या तर ते दिव्याचं लुकलुकणं असतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्ट्या बहुधा जातात.

बिनपैशाचा उपाय तर सगळ्यांत जुना. विजेआधीचे स्टुडिओ काचेच्या छतातून येणाऱ्या उजेडावर चालायचे. आपला जिल्हा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ त्याच काळातले. त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादला खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला होता. घरातल्या बायकांचे चेहरे टिकावेत, हे तेव्हाही कुणाला तरी वाटलं होतं. आपल्याकडे काचेचं छत नाही, पण खिडकी आहे. सकाळी आठ वाजता खुर्ची खिडकीजवळ सरकवा, खोलीतला ट्यूब बंद करा, आणि आईला चष्मा पुसून बसवा.

म्हणून माझा अभिप्राय असा. नवीन कॅमेरा नामंजूर. एक लेन्स आणि एक फ्लॅश मंजूर. सोबत एक अट: दिवाळीआधी तरुणांनी प्रत्येक घरी जाऊन साठीच्या वरच्या प्रत्येकाचा आणि घर चालवणाऱ्या प्रत्येक बाईचा एक चांगला फोटो काढावा. त्याची कागदावर प्रत काढून घरी द्यावी आणि मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवावी. मोबाईल हरवतो, कागद कपाटात सापडतो.

माझा स्वतःचा नंबर त्या यादीत लागतोच. कंगवा तयार आहे, पोरांनी लवकर यावं.