वऱ्हाडचे गवत : डोंगरावरचे आणि गावचे



अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे 280 मीटर उंचीवर, तर चिखलदरा 1,100 मीटरच्या आसपास. अकोल्याच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे 800 मिलीमीटर पाऊस येतो. चिखलदऱ्यावर जवळपास त्याच्या दुप्पट. वर हवा थंड, बाष्पीभवन कमी. म्हणून पूर्णेच्या सपाटीवरील गवत पिवळे पडू लागले, तरी डोंगरमाथ्यावर हिरवळ टिकून असते. गाविलगडाचे नाव गवळ्यांवरून पडले असे मानतात, ते उगीच नसावे.

मात्र उंचीबरोबर चारा वाढतोच, असे नाही. उतारावर मातीचा थर पातळ असतो. गवताचे आच्छादन गेले की तो वाहून जातो. त्याहून निर्णायक ठरते ती चराईची वेळ. पवन्या, मारवेल ही गुरांच्या आवडीची बहुवर्षीय गवते पावसाळा सरताना बी धरतात. त्याआधीच ती पुनःपुन्हा खुडली गेली, तर मुळांत अन्नसाठा होत नाही, बीही पडत नाही. मग तरोटा, गाजरगवत आणि जून होताच तोंडाला टोचणारी कुसळी त्यांची जागा घेतात. रान लांबून हिरवेच दिसते; कापून तोलले तर वजनही फारसे कमी भरणार नाही. गाय मात्र तेथे उपाशी राहते! गुराख्याला हे न सांगता कळते.

मेळघाटात या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा व कुंड ही गावे व्याघ्र प्रकल्पातून उठून अकोट परिसरात वसली. त्यांच्या जुन्या शिवारांत कुरणे उभी राहिली. अर्थात तेथे चराईबरोबर नांगरही थांबला होता, हे विसरून चालणार नाही. आणि त्या गवताचे मोल घरदार सोडणाऱ्यांनी दिले आहे.

खाली सपाटीवरील गुरांना आधार असतो तो गावच्या ई-क्लास जमिनीचा. पोळ्याला बैलांची पूजा होते, वसुबारसेला गाय-वासराची. त्यांच्या हक्काच्या जमिनीवर अतिक्रमण होते, तेव्हा ग्रामसभेत फारसे कुणी उठून बोलत नाही. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच राज्यांना दिले आहेत. जेथे अशी जमीन शिल्लक आहे, तेथे तिचे तीन भाग पाडून दरवर्षी एक भाग आळीपाळीने दिवाळीपर्यंत बंद ठेवता येईल. बी गळून पडल्यावर तेथील गवत विळ्याने कापून खुशाल गोठ्यात न्यावे.